ॲग्फा आयसोलेटचं जाम झालेलं फोकस

साताऱ्यातल्या गोडोलीत माझं दुचाकीचं गॅरेज आहे. कॅमेऱ्याच्या नादी लागलो ते चुलत्यांच्या ट्रंकेतल्या ॲग्फा आयसोलेटमुळे. १२०ची रुंद रोल फिल्म, पुढं घडीचा भाता. फोकसची रिंग फिरत होती, म्हणून बिनधास्त रोल घातला. बाराच्या बारा फोटो पुसट!

रिंग फिरते, इथंच माणूस फसतो. पुढचं भिंग मधल्या भिंगाच्या आट्यांत बसतं. त्यातलं जुनं ग्रीस हिरवं पडून लाखेसारखं घट्ट होतं. मग पुढचं भिंग एकटं फिरत नाही, मधल्यालाही शटरमधून सोडवत नेतं, म्हणून फोकस चुकतो.

आधी रिंगच्या कडेचे तीन बारीक स्क्रू ढिले करा. काढू नका, फरशीवर पडले की गेले. रिंग उचला आणि चिकटलेली दोन्ही भिंगं एकत्रच फिरवून बाहेर घ्या. लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलात झाकणाच्या बरणीत रात्रभर बुडवून ठेवा. पंपावरचं नको, डाग राहतो. सकाळी पूर्ण वाळू द्या, पेट्रोलचा वास गेला की मगच हेअर ड्रायरनं गरम करा. घाई केली तर भडका उडेल. दोन्ही कडांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून पिळा. नाही सुटलं तर परत बुडवा. पक्कड लावू नका. मी लावली होती, कडेवरचा ओरखडा अजून दिसतो.

सुटायच्या बेतात आलं की हळू. आटे नेमके कुठं सुटतात तिथं दोन्हीकडं खूण करा, बसवताना तिथूनच धरायचं. हिरवा चिकटा टूथपिकनं खरवडा, आटे ब्रशनं धुवा. नवं ग्रीस नखाएवढंच, चाकाच्या बेअरिंगसारखं थापायचं नाही.

मधलं भिंग शटरमध्ये पार घट्ट बसवा, मग पुढचं चढवा. आता मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून चिकटवा. भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं, शटर ‘बी’वर, म्हणजे दाबून ठेवू तोवर उघडं राहतं त्या खुणेवर, धरून ठेवा. मी गॅरेजच्या पत्र्यावर चढून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर धरला. कागदावर तो उलटा दिसतो. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून, टॉवरची कड तासल्यासारखी दिसेपर्यंत पुढचं भिंग फिरवलं. तिथंच रिंगवरची अनंताची (∞, म्हणजे खूप लांबच्या वस्तूची) खूण जुळवली आणि तिन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले.