वासरं एकत्र ठेवताय? या चुका टाळा

दूध पाजून झालं की वासरं एका कप्प्यात मोकळी सोडायची आणि किटली घेऊन डेअरीकडे पळायचं. चार-पाच गाईंच्या बहुतेक गोठ्यांत हेच दिसतं आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो. पोट भरलं तरी वासराची चोखायची ओढ दहा-पंधरा मिनिटं जात नाही. मग ते शेजारच्याचा कान, बेंबी, नाहीतर कास चोखत बसतं. आपण समजतो खेळतायत.

माझ्याकडे घरच्या गाईची एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवड होती. अंगानं भरलेली, सव्वादोन वर्षांत व्याली. चीक काढायला बसलो तर मागच्या उजव्या सडातून थेंब येईना. डॉक्टरांनी कास चाचपली आणि विचारलं, "लहानपणी हिला दुसरं वासरू चोखायचं का?" चोखायचं. तिच्याहून महिन्यानं मोठा गोऱ्हा रोज चोखायचा आणि मी रोज बघायचो. चोखून चोखून कोवळ्या सडाला इजा होते, जंतू आत शिरतात, आणि कळतं कधी, तर दोन वर्षं चारा घालून झाल्यावर. ती गाय शेवटपर्यंत तीन सडांवरच राहिली.

तेव्हापासून पाजताना प्रत्येक वासरू वेगळ्या खुंट्याला, आणि पाजल्यावर अर्धा तास तिथंच. बादलीपेक्षा मला निपलची बाटली बरी वाटते. वासरू हळू पितं, चोखायची हौसही तिथंच फिटते. वेळ वाचवायला काही जण निपलचं भोक मोठं करतात. तसं अजिबात करू नका, तिचा उपयोगच संपतो. मग तोंड पुसायचं, जिभेला चिमूटभर मीठ लावायचं आणि पुढ्यात मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा सुका खुराक, ठेवायचा.

दुसरी चूक वयाच्या सरमिसळीची. दोन महिन्यांची वासरं धडधाकट दिसतात, पण त्यांच्या शेणातून रोगाचे जंतू पडत असतात आणि चार दिवसांचं वासरू त्यांच्यात सोडलं की हगवणीनं आडवं होतं. मी पहिले तीन आठवडे एकटं ठेवतो. पुढं तीन-चार जणांचा गट, वयात दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त फरक नको. तीन महिन्यांपर्यंतच्या वासराला छताखाली 1 चौरस मीटर आणि मोकळी 2 चौरस मीटर जागा, हे कमीत कमी. बाजारातून आणलेलं वासरू 21 दिवस लांब बांधा, कितीही गोजिरं असलं तरी.

गाईची वार (जार) पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही समजूत सोडा. 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात 3 लिटर चीक लागतो, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. चीक न मिळालेलं वासरू गटात टिकत नाही.

थंडीत गोठ्याला चारी बाजूंनी गोणपाट बांधू नका, हवा कोंडते. वासराच्या नाकाच्या उंचीला वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले तर न्यूमोनियाला आवतण दिलंत. वासरांखाली अंथरलेल्या पाचटावर गुडघे टेकून बघा, पँट ओली झाली तर पाचट बदलायचं.

पाजण्याचा क्रम धाकट्यापासून थोरल्याकडे. हगवण लागलेलं वासरू त्याच क्षणी बाजूला, त्याची बाटली वेगळी, आणि त्याला सगळ्यांत शेवटी पाजायचं.