कात अडकलेला बॉल पायथन, माझा अनुभव

नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका ओळखीच्या पोराला बाहेरगावी जॉब लागला आणि त्याचा बॉल पायथन (घरी पाळतात तो छोटा, बिनविषारी आफ्रिकी अजगर) माझ्याकडे आला, परिवेश या सरकारी पोर्टलवरचे, असे परदेशी प्राणी पाळायच्या नोंदणीचे कागद नावावर करून मगच आणला, त्यात टाळाटाळ नको. अवस्था बेकार होती. कणा वर आलेला, जुनी कात तुकड्या-तुकड्यांनी चिकटलेली, डोळ्यांवरही पापुद्रा. नाशिकची डिसेंबरातली कोरडी थंडी आणि हीटर नसलेली काचेची पेटी, दुसरं काय होणार!

कात ओढायची नाही, डोळ्यांवरची तर अजिबातच नाही. आधी पेटी सुधारली, एका बाजूला थर्मोस्टॅट लावून ३२ डिग्री, दुसरीकडे २६ च्या आसपास, दोन्हीकडे लपायला जागा, ओलं मॉस (शेवाळ) टाकून आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या टॉवेलमधून त्याला सरकू दिलं, बरीचशी तिथेच सुटली, डोळ्यांवरची पुढच्या कातीसोबत आपोआप निघाली.

खाण्यासाठी मात्र लय रडवलं. फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवून, जरा गरम करून, रात्री चिमट्याने द्यायचा, आणि खाल्ल्यावर दोन दिवस तरी उचलायचा नाही, नाहीतर ओकतो. आता नीट खातोय. (आजी अजूनही दूध ठेव म्हणते, साप दूध पीत नाही हे तिला कोण सांगणार.)