आउटफिल्डवरून आणि ट्रेडवरून वाद घालायचाय? मग आधी दुसरं नाव सांगा

बेसबॉलची टीम चार-पाच मॅच ओळीनं हरली की सगळ्यात आधी लेफ्ट फील्डरच्या नावानं बोंब सुरू होते. याला काढा, त्याला विका, जीएमला (टीम बांधणाऱ्या जनरल मॅनेजरला) अक्कल नाही वगैरे. ओरडायला हरकत नाही, पण त्याला वाद म्हणत नाहीत. वाद घालायचा असेल तर एक नियम पाळा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं: एका खेळाडूचं नाव घेतलं की लगेच दुसरं नाव घ्यायचं. याला काढायचं तर त्याच्या जागी कोण? याला विकायचं, म्हणजे ट्रेड करायचा, तर कोणाच्या बदल्यात? दुसरं नाव नसेल तर तो नुसता राग झाला, आणि राग काय सगळ्यांकडेच असतो.

आधी जागा समजून घ्या

आउटफिल्ड म्हणजे बेसच्या पलीकडचं लांबचं मैदान, तिथे लेफ्ट, सेंटर आणि राइट असे तिघं उभे असतात. पण तीन आउटफिल्डर म्हणजे तीन सारखे लोक नाहीत. सेंटरवाल्याला सगळ्यात जास्त पळावं लागतं आणि दोन्ही बाजूंच्या बॉलवर पहिला हक्क त्याचा. राइटवाल्याचा हात जोरदार लागतो, कारण पहिल्या बेसवरचा रनर तिसऱ्यावर धावला तर सगळ्यात लांबचा थ्रो त्यालाच करायचा असतो. लेफ्टचा थ्रो त्या मानानं जवळचा, म्हणून बॅट चांगली पण पाय आणि हात बेताचे असलेला माणूस बहुतेक वेळा तिथे लपवतात.

वॉर (खेळाडूमुळे टीमला किती विजय जास्त मिळाले याचा अंदाज) काढताना याचा हिशोब थेट धरलेला असतो. पूर्ण सीझनला सेंटर फील्डरच्या खात्यात साधारण २.५ रन मिळवतात आणि कोपऱ्यातल्या दोघांचे ७.५ वजा करतात, म्हणजे फरक झाला दहा रनचा, आणि दहा रन म्हणजे ढोबळमानानं एक विजय. त्यामुळे "आमचा लेफ्ट फील्डर तुमच्या सेंटरवाल्यापेक्षा चांगला मारतो" असं कोणी म्हणालं की शांतपणे विचारायचं, दहा रननी जास्त मारतो का? तेवढा मारत नसेल आणि त्याची फील्डिंगही नुसती ठीकठाक असेल तर मग दोघं बरोबरीत येतात किंवा तुमचा सेंटरवाला पुढे.

मैदान कुठलं हेही बघा. बॉस्टनच्या फेनवे पार्कला लेफ्टची भिंत रेषेवर ३१० फुटांवर आणि ३७ फूट उंच, तिथे पळायला जागा कमी पण भिंतीवरून बॉल कसा परत येतो हे डोक्यात बसलेलं लागतं. उलट डेन्व्हरचं कूर्स फील्ड मैलभर उंचीवर, हवा विरळ, बॉल लांब जातो म्हणून कुंपण मागे सरकवलेलं, आणि त्यामुळे आउटफिल्ड अफाट. बॉस्टनला खपून जाणारा लेफ्ट फील्डर तिथे आठवड्यात उघडा पडतो. तेव्हा "तो चांगला फील्डर आहे" असं अर्धवट बोलू नका, कुठल्या मैदानात ते पण बोला.

जज, सोतो आणि तो सुटलेला बॉल

२०२४ चे न्यूयॉर्क यांकीज घ्या, हे उदाहरण प्रत्येक वादात येतंच. हुआन सोतोला राइटला खेळवायचं ठरलं म्हणून ॲरन जज, जो मूळचा राइट फील्डर, सेंटरला सरकला आणि लेफ्टला आला ॲलेक्स वर्डुगो. जजनं ५८ होमरन मारले, सोतोनं ४१, टीम २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, गेली. मग पाचवी मॅच, ५-० आघाडी, पाचवी इनिंग, डॉजर्सच्या टॉमी एडमनचा सरळ आलेला लाइन ड्राइव्ह जजच्या हातातून सुटला, पाठोपाठ शॉर्टस्टॉप ॲन्थनी व्होल्पीचा तिसऱ्या बेसचा थ्रो चुकला, मूकी बेट्सच्या हळू ग्राउंडरवर (जमिनीलगत गेलेल्या बॉलवर) पिचर गेरिट कोल पहिला बेस कव्हर करायला गेलाच नाही, आणि बघता बघता ५-५. डॉजर्स ७-६ नं जिंकले आणि सिरीज पण घेऊन गेले.

आता यावरून "बघा, राइट फील्डरला सेंटरला टाकलं की असं होतं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. तो बॉल जज कुठेही उभा असता तरी पकडायलाच हवा होता, त्यात पळण्याचा प्रश्नच नव्हता. जजला सेंटरला ठेवणं चूक होतं असं म्हणायचं असेल तर सीझनभर दोन फील्डरांमधल्या गॅपमध्ये पडलेले, जे एखाद्या चपळ सेंटरवाल्यानं गाठले असते, ते बॉल मोजून दाखवा. आणि मग दुसरं नाव सांगा, म्हणजे सेंटरला कोण आणि त्यासाठी बाहेर कोण बसणार. सोतो? वर्डुगोला बसवून जजला कोपऱ्यात आणि ट्रेंट ग्रिशमला सेंटरला खेळवायचं म्हणत असाल तर ठीक, त्यावर खरा वाद होऊ शकतो.

आकडे कुठले आणायचे

बॅटिंग ॲव्हरेजवर थांबू नका. वॉक (चार खराब बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस) मोजला जात नाही त्यात, म्हणून निदान ओबीपी (बेसवर पोचण्याचं प्रमाण) आणि स्लगिंग (फटके किती बेसचे पडतात ते) बघा, किंवा सरळ ओपीएस प्लस नाहीतर डब्ल्यूआरसी प्लस हे एकूण बॅटिंगचे आकडे, ज्यात १०० म्हणजे लीगची सरासरी आणि मैदानाचा फरकही धरलेला असतो. १२० असेल तर सरासरीपेक्षा वीस टक्के चांगला, एवढं कळलं तरी पुरे.

पंधरा दिवसांचे आकडे घेऊन भांडायला येणाऱ्याशी भांडू नका. मैदानात पडलेल्या बॉलपैकी किती हिट झाले ते बीएबिप मध्ये दिसतं, लीगभरात ते .३०० च्या आसपास असतं, आणि एखाद्याचं महिनाभर .४०० दिसत असेल तर त्याचं नशीब चाललंय असंच धरा. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट होणं) आणि वॉकचं प्रमाण त्यामानानं लवकर स्थिर होतं, खेळाडू खरंच बदललाय का ते आधी तिथे दिसतं.

फील्डिंगमध्ये एरर (नावावर लागलेल्या चुका) मोजणं तर सोडूनच द्या. जो बॉलपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर एरर लागत नाही, त्यामुळे सगळ्यात मठ्ठ आउटफिल्डरचा रेकॉर्ड कधीकधी सगळ्यात स्वच्छ दिसतो. २०१५ पासून स्टॅटकास्ट ही बॉल आणि खेळाडूंची हालचाल टिपणारी यंत्रणा आली, त्यात बॉल किती लांब होता, किती वेळ मिळाला, तो पकडला जायची शक्यता किती, हे सगळं मोजून आउट्स अबव्ह ॲव्हरेज (सरासरी फील्डरपेक्षा किती आउट जास्त केले) काढतात. सोबत पळण्याचा वेग पण असतो, सेकंदाला २७ फूट म्हणजे सरासरी, ३० म्हणजे पहिल्या रांगेतला. फक्त एका सीझनच्या फील्डिंगच्या आकड्यावर उड्या मारू नका, दोन-तीन वर्षं एकत्र बघा, आणि डीआरएस (फील्डिंगनं किती रन वाचवले ते सांगणारा आकडा) एक सांगतंय नि स्टॅटकास्ट भलतंच तर आपल्या सोयीचं उचलून दुसरं लपवू नका, समोरचा ते दोन मिनिटांत शोधून आणतो आणि मग तुमची बरोबर असलेली गोष्टसुद्धा कोणी ऐकत नाही.

चांगला पोरगा ट्रिपल-ए मध्ये का बसलाय

ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालची लीग. हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि मॅनेजरला शिव्या घालायच्या आधी रोस्टर (टीमची यादी) बघायचं असतं. टीममध्ये जागा २६. तरुण खेळाडूकडे साधारण तीन सीझनचे ऑप्शन असतात, म्हणजे त्याला खाली पाठवता येतं आणि परत बोलवता येतं, कोणी हात लावू शकत नाही. ज्याचे ऑप्शन संपलेत त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं आणि बाकीच्या २९ टीम्सपैकी कोणीही त्याला उचलू शकतं. म्हणून कधीकधी थोडा कमी चांगला चौथा आउटफिल्डर वर राहतो आणि बरा पोरगा खाली जातो, कारण तसं केलं तर दोघंही टीमकडेच राहतात. सर्व्हिस टाइमची (मेजर लीगमधले दिवस कमी भरावेत म्हणून पोराला उशिरा वर आणण्याची) चलाखी पण असते यात, नाही असं नाही. पण चलाखी झाली असा आरोप करायचा तर तारखा मोजून करा, १७२ दिवसांचं एक सर्व्हिस वर्ष धरतात.

प्लॅटूनचं, म्हणजे पिचर बघून एका जागेवर दोघांना आलटून पालटून खेळवण्याचं, पण तसंच. डावखुरा बॅटर उजव्या पिचरला चोपतो आणि डाव्यासमोर गळपटतो, तर त्याला "अर्धा खेळाडू" म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, कारण लीगमध्ये उजवे पिचर जास्त आहेत. दोन स्वस्तातले अर्धे मिळून एक महागडा पूर्ण होऊ शकतो.

ट्रेडवर बोलताना पहिला प्रश्न: किती वर्षं उरलीत?

सहा वर्षांची सर्व्हिस झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा. त्याआधी पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग आर्बिट्रेशन, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद तो ठरवतो. म्हणजे ट्रेडमध्ये टीम खेळाडूसोबत त्याची उरलेली वर्षं विकत घेत असते. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण परत सोतोच. नॅशनल्सनी देऊ केलेला १५ वर्षं ४४ कोटी डॉलरचा करार त्यानं नाकारला आणि २ ऑगस्ट २०२२ ला ते त्याला पाद्रेजला देऊन मोकळे झाले, तेव्हा अडीच सीझन उरले होते, म्हणून बदल्यात सीजे ॲब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड अशी तगडी पोरं मिळाली. डिसेंबर २०२३ ला तोच सोतो यांकीजकडे गेला तेव्हा एकच वर्ष उरलं होतं, तर मिळाले मुख्यतः पिचर, मायकल किंग वगैरे, आणि पाद्रेजनी वरून ग्रिशमही दिला. खेळाडू तोच, वय फक्त २५, भाव उतरला तो कॅलेंडरमुळे. वर्षभरानं तो १५ वर्षं ७६.५ कोटी डॉलरवर मेट्सकडे गेला आणि २०२५ ला ग्रिशमनं यांकीजसाठी ३४ होमरन मारले, ज्याची अपेक्षा पाद्रेजलाही नव्हती आणि यांकीजलाही नव्हती, आता मात्र आपल्याला आधीच माहीत होतं म्हणणारे बरेच सापडतील.

इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. निर्णय चांगला होता का आणि निकाल चांगला लागला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जून १९६४ मध्ये कब्सनी लू ब्रॉक कार्डिनल्सला देऊन एर्नी ब्रॉलियो हा पिचर घेतला. आज ते नाव घेतलं तरी शिकागोवाले कपाळाला हात लावतात, कारण ब्रॉकनं पुढे ३,०२३ हिट आणि ९३८ स्टील (पळून चोरलेले बेस) केले, आणि ब्रॉलियो कब्ससाठी जेमतेम सात मॅच जिंकला. पण त्या दिवशी ब्रॉक .२५१ च्या ॲव्हरेजवर खेळत होता आणि ब्रॉलियो आदल्या वर्षी १८ मॅच जिंकलेला, त्यामुळे कब्सनीच बाजी मारली असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. ब्रॉलियोच्या कोपराची नीट चौकशी केली नाही असं म्हणा, तो मुद्दा टिकतो. "ब्रॉक महान आहे हे दिसत नव्हतं का" हा टिकत नाही.

उलट मूकी बेट्सचं बघा. फेब्रुवारी २०२० ला बॉस्टनच्या रेड सॉक्सनी त्याला डॉजर्सकडे पाठवलं, २७ वर्षांचा, २०१८ चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), सोबत डेव्हिड प्राइस आणि प्राइसचा अर्धा पगारसुद्धा, बदल्यात वर्डुगो, जीटर डाउन्स, कॉनर वाँग. बेट्सचं एकच वर्ष उरलं होतं हे खरं, पण ही पैसे नसलेली टीम नव्हती. इथे निकालाची वाट बघायची गरजच नाही, त्या दिवशीच्या माहितीवरसुद्धा हा निर्णय तोकडा होता असं माझं मत आहे. (२०२४ च्या त्या पाचव्या मॅचमध्ये आघाडीचा रन बेट्सच्या सॅक्रिफाइस फ्लायवर, म्हणजे स्वतः आउट होऊन रन आणणाऱ्या उंच फटक्यावर, आला आणि शेवटचा आउट झाला वर्डुगो. बॉस्टनवाल्यांनी टीव्हीसमोर काय केलं असेल देव जाणे.)

डेडलाइनला मोठं नावच लागतं असं नाही

डेडलाइन म्हणजे सीझनमध्ये ट्रेड करायची शेवटची तारीख. जुलै २०२१ ला ॲटलांटा ब्रेव्ह्जचा रोनाल्ड अकुन्या गुडघा फाटून सीझनभरासाठी बाहेर गेला, टीम हरण्याच्या बाजूलाच होती. त्यांनी त्या महिन्यात चार आउटफिल्डर उचलले: जॉक पीडरसन, ॲडम डुव्हॉल, एडी रोझारियो, होर्हे सोलेर. पहिल्या फळीचा एकही प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा) दिला नाही, रोझारियोच्या बदल्यात तर पाब्लो सान्दोव्हाल गेला ज्याला क्लीव्हलंडनं लगेच सोडूनच दिलं. सोलेर तेव्हा .१९२ च्या ॲव्हरेजवर होता, पण २०१९ ला ४८ होमरन मारलेला माणूस होता तो. ८८ विजयांवर प्लेऑफ, रोझारियो एनएलसीएसचा (नॅशनल लीगच्या फायनलचा) एमव्हीपी, सोलेर वर्ल्ड सिरीजचा. हे दर वेळी जमेल असं नाही, बहुतेक वेळा नाहीच जमत. पण मुद्दा खरा आहे की जिथे जवळपास शून्य आहे तिथे सरासरी खेळाडू आणला की जेवढा फायदा होतो तेवढा चांगल्याच्या जागी महान आणून होतोच असं नाही. म्हणून आधी तुमच्या टीमचं भोक दाखवा, मग नाव सुचवा.

ट्रेड सुचवलात की तो उलटा वाचा. समोरच्या टीमचे तुम्ही फॅन असता तर घेतला असतात? तुमचे तीन नको असलेले आणि त्यांचा एक ऑल-स्टार, असा सौदा लिहून पाठवणारे लोक सगळीकडे आहेत, त्यातले होऊ नका.

नियमांचं पण थोडं भान ठेवा. साधे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) बेसबॉलमध्ये ट्रेड करता येत नाहीत, फक्त कॉम्पेटिटिव्ह बॅलन्सचे (छोट्या टीम्सना मिळणारे जादा) येतात, तेव्हा "पहिल्या फेरीचं पिक देऊन टाका" म्हणालात की बास्केटबॉलवरून आलात हे लगेच कळतं. दहा वर्षं मेजर्समध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच टीमकडे असलेला खेळाडू ट्रेडला नाही म्हणू शकतो. आणि २०१९ पासून ऑगस्टमधली वेव्हर ट्रेडची पळवाट बंद झाली, डेडलाइन गेली की गेली.

सराव करायचा असेल तर डिसेंबर २०२४ चा काइल टकरचा ट्रेड घ्या. ॲस्ट्रोजनी एक वर्ष उरलेला राइट फील्डर कब्सला दिला, बदल्यात आयझॅक परेडेस, हेडन वेस्नेस्की आणि कॅम स्मिथ, जो तिसऱ्या बेसचा पोरगा होता आणि त्याला पुढच्या सीझनला ह्यूस्टननं राइट फील्डमध्येच उभा केला. अर्धं पान कब्सच्या बाजूनं लिहा, अर्धं ॲस्ट्रोजच्या, आणि २०२५ चे आकडे त्यानंतर उघडा.