स्मार्ट स्पीकरला गाणं लावायला सांगताना: आधी काय जुळवायचं, काय बोलायचं, अडलं तर कुठे बघायचं

स्पीकरला गाण्याचं नाव सांगितलं आणि त्याने भलतंच काही लावलं, की हात आपोआप फोनकडे जातो किंवा आवाज चढतो. आवाज चढवून फारसा फरक पडत नाही. शब्द ऐकू येऊनही गाणं चुकतं, कारण स्पीकरच्या फोनवरच्या ॲपमध्ये तीन गोष्टी ठरवलेल्या नसतात: गाणी कुठल्या सेवेतून घ्यायची, कुणाच्या खात्यातून घ्यायची आणि कुठल्या स्पीकरवर वाजवायची. त्या ठरवून ठेवल्या की आज्ञा दोन-तीन शब्दांत आटोपते.

स्पीकर कायम एकाच शब्दाच्या शोधात असतो. ‘अलेक्सा’ किंवा ‘हे गूगल’ ही हाक स्पीकरच्या आतच ओळखली जाते. त्यापुढचं वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. तिथे बोलण्याचे शब्द होतात, ‘प्ले’वरून काहीतरी वाजवायचं आहे हे कळतं आणि उरलेले शब्द संगीतसेवेच्या यादीत शोधले जातात. सापडलेलं गाणं सेवेच्या सर्व्हरवरून थेट स्पीकरवर येतं. या वाटेत तुमचा फोन कुठेच नसतो, म्हणून गाणं चालू असताना फोन बंद झाला तरी स्पीकर वाजत राहतो. ब्लूटूथने जोडलं की मात्र सगळा भार फोनवर येतो: फोन साधारण दहा मीटरच्या आत हवा, त्याची बॅटरी खर्च होते आणि मेसेज आल्याचा आवाजही स्पीकरवर ऐकू येऊ शकतो. स्पीकरला वाय-फाय असताना रोज ब्लूटूथने गाणी लावणं म्हणजे उगाच त्रास ओढवून घेणं आहे.

पहिली जोडणी

स्पीकर भिंतीपासून निदान २० सेंटीमीटर पुढे ठेवा. अगदी कोपऱ्यात सरकवला तर बेस घुमतो आणि भिंतीवरून परतणारा आवाज मायक्रोफोनच्या आड येतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या शेजारची जागा टाळा. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंधळ करतो आणि वाय-फायही बऱ्याचदा त्याच पट्ट्यात चालतं.

ॲमेझॉनच्या एको स्पीकरसाठी अलेक्सा ॲप लागतं, गूगलच्या नेस्ट स्पीकरसाठी गूगल होम. फोनवर वाय-फाय, ब्लूटूथ आणि लोकेशन तिन्ही चालू ठेवा; यातलं एखादं बंद असलं की ॲपला स्पीकर दिसत नाही. नवा एको वीज मिळाल्यावर नारिंगी दिवा दाखवतो, म्हणजे तो जोडणीला तयार आहे. ॲपमध्ये डिव्हाइसेसच्या पानावर अधिकचं चिन्ह दाबा, स्पीकर निवडा आणि वाय-फायचा पासवर्ड द्या. गूगल होममध्येही क्रम साधारण हाच. एक फरक मात्र ध्यानात असू द्या: नेस्ट मिनीवर नारिंगी दिवे म्हणजे मायक्रोफोन बंद आहे. एकोवर मायक्रोफोन बंद असल्याची खूण लाल दिवा आहे. हाका मारूनही स्पीकर गप्प राहिला, तर आधी त्याच्यावरचं मायक्रोफोनचं बटण बघा.

सेवा जोडणं, आणि ‘डिफॉल्ट’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अलेक्सा ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘म्युझिक अँड पॉडकास्ट्स’ आहे. तिथे ‘लिंक न्यू सर्व्हिस’मधून तुमची सेवा निवडून लॉगिन करा. सेवा जोडली तरी स्पीकर ती आपोआप वापरू लागत नाही. त्यासाठी त्याच पानावर ‘डिफॉल्ट सर्व्हिसेस’ उघडायचं; डिफॉल्ट म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर स्पीकर आपोआप वापरतो ती सेवा. तिथे एकच निवड नसते, वेगवेगळ्या असतात: गाण्यांसाठी एक, कलाकार आणि संगीतप्रकारांच्या स्टेशनसाठी (सेवेनेच निवडलेली, एकामागून एक वाजणारी गाणी) दुसरी, पॉडकास्टसाठी तिसरी. गाण्यांसाठी स्पॉटिफाय निवडलं आणि स्टेशनची निवड तशीच राहू दिली, तर गाण्याचं नाव घेतल्यावर स्पॉटिफाय वाजतं, पण ‘प्ले जॅझ’ म्हटलं की दुसरीच सेवा सुरू होते. ‘कधी बरोबर लावतो, कधी चूक’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. निवडी बदलल्या की लगेच दोन आज्ञा देऊन पाहा, एक गाण्याच्या नावाची आणि एक संगीतप्रकाराची.

गूगल होममध्ये सेटिंग्जमधल्या म्युझिकच्या पानावर सेवा जोडायची आणि जी हवी तिच्यावर खूण करायची. ॲपच्या नव्या आवृत्तीत मेनू इकडचे तिकडे होतात, नावं मात्र साधारण हीच राहतात.

तुमचं खातं फुकटचं आहे की पैसे भरलेलं, यावर काय वाजेल हे ठरतं. अनेक सेवांच्या फुकट खात्यावर नेमकं गाणं मागितलं तर ते न लागता त्याच्यासारख्या गाण्यांचं स्टेशन सुरू होतं. स्पीकर तेव्हा तसं सांगतोही, पण ते वाक्य आपण नीट ऐकत नाही. ही योजनेची मर्यादा आहे. बोलण्याची पद्धत बदलून ती ओलांडता येत नाही.

आज्ञेची बांधणी

पूर्ण आज्ञेत पाच तुकडे असतात: हाक, क्रिया, काय, कुठून, कुठे.

‘अलेक्सा, प्ले जॅझ ऑन स्पॉटिफाय इन द किचन.’

डिफॉल्ट सेवा ठरवलेली असेल आणि ज्या स्पीकरशी बोलताय त्यावरच ऐकायचं असेल, तर शेवटचे दोन तुकडे गळतात आणि ‘अलेक्सा, प्ले जॅझ’ एवढं पुरतं. हाक मारल्यावर दिवा लागेपर्यंत क्षणभर थांबा आणि मग पूर्ण वाक्य एका दमात म्हणा. मध्ये ‘म्हणजे ते... काय बरं’ असा विराम घेतला, तर आज्ञा तिथेच संपली असं समजून स्पीकर अर्धवट शब्दांवर शोध घेतो. आधी मनाशी वाक्य जुळवा, नंतर हाक मारा.

एकाच नावाची बरीच गाणी असतात, म्हणून ‘काय’च्या तुकड्यात गाणं, अल्बम की प्लेलिस्ट हे सांगणं फार उपयोगी पडतं. ‘प्ले द साँग’, ‘प्ले द अल्बम’, ‘प्ले माय प्लेलिस्ट’ यातला प्रत्येक शब्द शोध अरुंद करतो. गाण्याच्या नावापुढे ‘बाय’ लावून गायकाचं नाव जोडा. तरीही रीमिक्स किंवा मैफलीतलं ध्वनिमुद्रण लागत असेल तर अल्बमचं नाव घ्या. दहा वेळा तेच गाणं मागण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा.

गाणं सुरू झाल्यावरच्या आज्ञा लहान आहेत: ‘नेक्स्ट’, ‘पॉज’, ‘रिझ्यूम’, ‘शफल’. ‘व्हॉट साँग इज धिस’ विचारलं की गाण्याचं नाव कळतं. आवाजासाठी ‘व्हॉल्यूम फोर’ म्हणा. मोजणी शून्य ते दहा आहे. गूगलवर ‘फॉर्टी परसेंट’ही चालतं. अलेक्साला ‘टर्न डाउन द बेस’ म्हटलं तर बेस कमी होतो. झोपताना ‘सेट अ स्लीप टायमर फॉर थर्टी मिनिट्स’ सांगितलं की तीस मिनिटांनी गाणी आपोआप थांबतात.

आवाज आठ-नऊवर असताना स्पीकरला स्वतःच्याच गाण्यातून तुमची हाक वेगळी काढायची असते आणि तिथे तो कमी पडतो. अशा वेळी ओरडण्यापेक्षा स्पीकरवरचं आवाज कमी करण्याचं बटण दाबा, मग बोला. नुसती हाक ऐकू गेली तरी गाण्याचा आवाज तात्पुरता खाली येतो. उरलेली आज्ञा त्या शांततेत द्यायची.

मराठी नावं आणि इंग्रजी कान

स्पीकरची भाषा इंग्रजी ठेवलेली असली की आपली नावं तो इंग्रजीच्या कानाने ऐकतो. ‘ळ’ आणि ‘ण’ त्या भाषेत नाहीत, त्यामुळे ते अक्षर जवळच्या दुसऱ्या आवाजात बदलतं. त्यात सेवेच्या यादीत मराठी गाण्यांची नावं बऱ्याचदा रोमन लिपीत असतात, आणि तीही एकसारखी नाहीत: एकाच शब्दात कुठे एक ‘ए’, कुठे दोन. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळलं नाही की हाती भलतंच गाणं येतं. हिंदी चालत असेल तर डिव्हाइसच्या सेटिंग्जमध्ये इंग्रजी-हिंदी अशी जोडभाषा निवडा. आपल्या नावांसाठी ती इंग्रजीपेक्षा बरी.

याहून पक्का उपाय प्लेलिस्टचा. आवडीची मराठी गाणी फोनवरून शोधून एका प्लेलिस्टमध्ये घाला आणि तिला स्पीकरला सहज कळेल असं नाव द्या. नाव दोन शब्दांचं, ठसठशीत आणि गाण्यांच्या दुनियेत सहसा न आढळणारं हवं. ‘फेव्हरिट्स’ किंवा ‘मॉर्निंग’ नको, कारण त्या नावाच्या सार्वजनिक याद्या ढीगभर आहेत आणि तुमची यादी त्यात हरवते. ‘पर्पल लॅडर’ चालेल. ‘पाऊस’ हे नाव मनाला कितीही भावलं, तरी इंग्रजी कानाला ते ‘पॉज’ वाटू शकतं, आणि ‘पॉज’ म्हणजे थांब. नाव ठरलं की ‘प्ले माय प्लेलिस्ट पर्पल लॅडर’ म्हणून पाहा. ‘माय’ हा शब्द गाळू नका. नवी यादी लगेच सापडली नाही तर थोड्या वेळाने पुन्हा सांगा. घरातल्या मोठ्यांसाठी अशी एक यादी करून दिली आणि तिचं नाव कागदावर लिहून स्पीकरजवळ ठेवलं, तर त्यांना फोन हातात न घेता गाणी ऐकता येतात. या यंत्राचा याहून चांगला उपयोग सांगता येणार नाही.

घरात माणसं अनेक, खातं एक

स्पॉटिफायसारख्या सेवेच्या वैयक्तिक खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. कुणी बाहेर असताना त्याच खात्यावरून फोनवर गाणं लावलं की घरातला स्पीकर मध्येच गप्प होतो. स्पीकर बिघडलेला नसतो. कुटुंबासाठीची योजना घेतली तरी प्रत्येकाने आपापलं खातं जोडायला हवं, सगळे एकाच लॉगिनवर राहिले तर काहीच बदलत नाही. गूगलवर ‘व्हॉइस मॅच’मध्ये प्रत्येकाचा आवाज नोंदवून त्याला त्याची सेवा जोडता येते. मग एकच वाक्य दोघांनी उच्चारलं तरी गाणी ज्याच्या त्याच्या खात्यातून येतात.

अनेक खोल्यांत एकच गाणं हवं असेल तर ॲपमध्ये स्पीकरचा गट करा. सगळे स्पीकर एकाच वाय-फायवर हवेत. गटाला ‘किचन’ असं नाव द्यायचं आणि त्यातल्या एका स्पीकरचंही नाव ‘किचन’ ठेवायचं, असं करू नका. आज्ञा कुणासाठी आहे याचा मेळ लागत नाही. गटासाठी ‘एव्हरीव्हेअर’ सोयीचं.

अडलं तर

आधी स्पीकरने काय ऐकलं ते बघा. ‘अलेक्सा, टेल मी व्हॉट यू हर्ड’ म्हटलं की तो ऐकलेले शब्द परत सांगतो. ॲपमधल्या व्हॉइस हिस्टरीतही ते लिहिलेले असतात. शब्द चुकले असतील तर दोष उच्चार, जागा किंवा भाषेच्या निवडीत आहे. शब्द बरोबर असूनही गाणं चुकलं तर डिफॉल्ट सेवा आणि खातं तपासा.

गाणं अडखळत असेल तर इंटरनेटच्या वेगाला दोष देण्याची घाई नको. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) गाणं अर्धा एमबीपीएससुद्धा (सेकंदाला अर्धा मेगाबिट) वापरत नाही. तासाला साधारण १४४ एमबी होतात. अडतं ते सिग्नलवर. स्पीकर राउटरच्या जवळ आणून तेच गाणं लावा. तिथे सुरळीत वाजलं तर कारण मधल्या भिंती आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून जास्त दूर पोचतो, ५ गिगाहर्ट्झमध्ये गर्दी कमी असते.

बोलून गाणं लागतं, पण फोनवरच्या संगीताच्या ॲपमध्ये स्पीकर दिसत नाही, असंही होतं. फोन आणि स्पीकर वेगळ्या वाय-फायवर आहेत का, स्पीकर ‘गेस्ट’ (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर गेलाय का, फोनवर व्हीपीएन (फोनचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू आहे का, ते बघा. यातल्या कशानेही स्पीकरची इंटरनेटची वाट बंद होत नाही, फोनला मात्र तो दिसेनासा होतो.

संगीतसेवेचा पासवर्ड बदलला असेल तर जोडणी तुटलेली असू शकते. सेवा अनलिंक करून पुन्हा जोडा. त्यानेही जमलं नाही तर स्पीकरचा प्लग काढून ३० सेकंदांनी लावा, मग राउटरही बंद-चालू करा. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी. बऱ्याच एको स्पीकरवर त्यासाठी ॲक्शन बटण २० ते २५ सेकंद दाबून धरावं लागतं. रीसेटने प्लेलिस्ट जात नाहीत, त्या सेवेच्या खात्यात असतात. वाय-फायची जोडणी मात्र नव्याने करावी लागते.

राउटर बदलायची वेळ आली तर नव्या राउटरला जुन्याचंच वाय-फाय नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षरं आणि मोकळ्या जागांसकट. घरातले सगळे स्पीकर सहसा आपणहून जोडले जातात.