कोविडसारख्या साथीतले निर्बंध सैल करायचे का? गावाचं किंवा वॉर्डाचं मत नीट कसं मोजायचं

जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवायची मुभा मिळाली, तेव्हा पालकांशी बोलून ठराव करायचं काम ग्रामपंचायतींकडे आलं. शहरांत घरकामाच्या बायकांना आत कधी घ्यायचं, हे सोसायट्यांच्या कमिट्या ठरवत होत्या. अशा वेळी बैठकीत मोठ्यानं बोलणाऱ्या चार जणांचं मत तेच सगळ्यांचं मत ठरतं. ज्या घरात डायलिसिसवरचं माणूस आहे ते घर गप्प राहतं आणि जिची रोजी बंद आहे ती बाई बैठकीला नसतेच. हे टाळता येतं. दहा-बारा धडपडी माणसं असतील तर चारशे जणांचं मत आठवड्याभरात घेता येतं.

आधी एक पक्कं करा: व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकणं म्हणजे लोकमत मोजणं नव्हे. जुलै २०२१ मध्येच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं पालकांचं ऑनलाइन सर्वेक्षण केलं. सुमारे ६.९ लाख पालकांनी उत्तरं दिली आणि ८१ टक्क्यांहून जास्त जण शाळा उघडा म्हणाले. आकडा प्रचंड आहे, पण लिंक ज्यांच्यापर्यंत पोचली आणि ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं, त्यांचाच तो आकडा आहे. ज्या घरात स्मार्टफोन नाही ते घर त्यात येत नाही, मग उत्तरं सहा लाख असोत की साठ लाख. नीट निवडलेली चारशे माणसं त्याहून खरं चित्र देतात.

प्रश्न

‘निर्बंध उठवावेत का?’ असं कधीच विचारू नका. मंडई, देऊळ, शाळा, लग्न, लोकल आणि जिम यांबद्दल एकाच माणसाची मतं वेगवेगळी असतात. प्रत्येक गोष्टीचा वेगळा प्रश्न करा, पण एकूण प्रश्न बारापेक्षा जास्त नकोत. दारात उभं राहून दहा मिनिटांपलीकडे कुणी नीट उत्तर देत नाही.

प्रत्येक प्रश्नात दोन्ही बाजू हव्यात. ‘शाळा उघडाव्यात असं तुम्हाला वाटतं का?’ यावर बरेच जण भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: ‘पुढच्या सोमवारपासून पाचवी ते सातवीचे वर्ग भरवावेत, की अजून महिनाभर थांबावं?’ त्यात दिवस आहे, इयत्ता आहे आणि थांबण्याची मुदतही आहे. निम्म्या फॉर्मवर ‘भरवावेत’ आधी छापा, निम्म्यांवर ‘थांबावं’ आधी. दोनशे-दोनशेच्या दोन गटांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो. त्याहून जास्त पडला तर उत्तर बहुधा प्रश्नाच्या मांडणीवर हलतंय आणि लोकांचं मत अजून पक्कं झालेलं नाही. हेही ठरावात लिहिण्याजोगं आहे. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवाच.

लगेच पुढचा प्रश्न स्वतःच्या वागण्याचा: ‘वर्ग भरले तर तुमच्या घरातलं मूल पाठवाल का?’ या दोन उत्तरांतली दरी हीच या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची माहिती. ‘उघडा’ म्हणणारे सत्तर टक्के आणि ‘पाठवू’ म्हणणारे चाळीस असतील, तर लोकांना शाळा हवी आहे पण वर्गातल्या व्यवस्थेवर भरवसा नाही, असा एक अर्थ निघू शकतो. म्हणून ‘न पाठवण्याचं मुख्य कारण काय?’ हा एक मोकळा प्रश्न जोडा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

अटी सांगायच्या तर साध्या भाषेत सांगा. जून २०२१ मध्ये राज्यानं जिल्ह्यांचे पाच स्तर केले, पहिल्यात निर्बंध सर्वांत कमी आणि पाचव्यात सर्वांत कडक. पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासण्यांत लागण निघालेल्यांचं प्रमाण, ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असतील तर पहिला स्तर. पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांवर किंवा बेड ७५ टक्क्यांहून जास्त भरलेले असतील तर पाचवा. प्रशासनासाठी हे ठीक होतं, पण प्रश्नावलीत ‘पॉझिटिव्हिटी’ घातली की निम्मे लोक अंदाजानं उत्तर देतात. ‘शंभर तपासण्यांत पाचापेक्षा कमी जणांना लागण निघाली तर...’ असं लिहा. शेवटी वय, स्त्री की पुरुष, घरात साठीपुढचं किंवा दीर्घ आजाराचं कुणी आहे का आणि घरात येणारा पैसा रोजचा की महिन्याचा, एवढं विचारा. मतांची मोठी फूट बहुतेकदा या शेवटच्या प्रश्नावर दिसते. नाव विचारू नका.

माणसं निवडणं

मतदार यादी सोयीची वाटते, पण तीत भाडेकरू, ऊसतोड कामगार, बांधकामावरची कुटुंबं नसतात. गल्लीगल्लीतून फिरून घरांची यादी स्वतः करा. पत्र्याच्या खोल्या आणि वरचे मजले धरून. समजा २,४०० घरं निघाली आणि ४०० उत्तरं हवीत. तिसरा हिस्सा घरं बंद मिळतील किंवा नकार देतील, म्हणून ६०० घरं निवडा, म्हणजे दर चौथं घर. सुरुवात १ ते ४ मधली चिठ्ठी काढून करा. घर बंद असेल तर शेजारचं घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जा. शेजारचं घेतलं की दिवसभर घरी असणाऱ्यांचीच मतं गोळा होतात आणि कामावर जाणारे गळतात.

घरात कुणाला विचारायचं? पुस्तकी रीत अशी की ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला त्याला विचारावं. आपल्याकडे ती फसते, कारण शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेली जुनी माणसं घरोघरी आहेत. त्यापेक्षा घरातल्या सगळ्या प्रौढांना वयानुसार क्रमांक द्या आणि चिठ्ठी काढा. सुनेचं नाव निघालं तर उत्तर सुनेचंच, आणि सासऱ्यांना तसं आदरानं सांगायचं. फोनवर करत असाल तर हाच घोटाळा वाढतो: नंबर मुलाचा असतो आणि आई दुपारी दोन ते चारमध्येच मोकळी असते. वेळ ठरवून पुन्हा फोन करा.

विचारायला आशा सेविका, ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील नकोत. ज्यांनी अलगीकरण सांगितलं किंवा दंडाचा इशारा दिला, त्यांच्यापुढे लोक मास्क, नियम सगळ्याला हो म्हणतात. कॉलेजची मुलं-मुली घ्या आणि त्यांच्या गल्लीत त्यांनाच पाठवू नका. मास्क लावून, अंगणात किंवा जिन्यात, सहा फुटांवरून बोलायचं. फॉर्म आणि पेन विचारणाऱ्याच्याच हातात राहील.

चार-पाच दिवसांत काम संपवा आणि प्रत्येक फॉर्मवर तारीख घाला. मध्येच सरकारी आदेश आला तर आधीचे आणि नंतरचे फॉर्म वेगळे मोजा. २५ जून २०२१ ला डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या धास्तीनं राज्यानं सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले. असा आदेश आला की दोन दिवसांपूर्वीचं मत आज तसंच असेल असं धरता येत नाही.

मोजणी

४०० उत्तरांत आकडा साधारण ५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो, १०० उत्तरांत १० टक्के. म्हणून ५२ विरुद्ध ४८ हा कौल नव्हे, बरोबरी आहे. रोजंदारीच्या घरांचं मत वेगळं सांगायचं असेल तर तशी किमान शंभर उत्तरं हवीत.

बायकांची उत्तरं हमखास कमी पडतात, ती मोजणीत भरून काढा. समजा ३०० पुरुष, १०० स्त्रिया मिळाल्या. पुरुषांत ७० टक्के ‘उघडा’ म्हणतात, स्त्रियांत ४०. सरळ बेरीज ६२.५ टक्के येते. गावात स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे, म्हणून दोघांना सारखं वजन द्या: ७० आणि ४० यांची सरासरी ५५. ठरावात ५५ लिहायचं आणि ते कसं काढलं हेही.

ग्रामसभेत किंवा नोटीस बोर्डावर मांडताना प्रश्नाचे नेमके शब्द, तारखा, किती घरं निवडली, किती जणांनी नकार दिला आणि ‘सांगता येत नाही’ किती, हे सगळं लावा. बहुमत हा आरोग्याचा दाखला नव्हे. ८१ टक्क्यांच्या त्या कौलानंतरही १७ ऑगस्ट २०२१ पासून शाळा उघडण्याचा बेत राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या, म्हणजे सल्लागार डॉक्टरांच्या गटाच्या, हरकतीनंतर थांबला, आणि शाळा ४ ऑक्टोबरला सुरू झाल्या. आपल्या आकड्यांशेजारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून घेतलेली त्या आठवड्यातली रुग्णसंख्या आणि रिकामे बेड लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं असेल तर घरं नव्यानं निवडा, पण प्रश्नातला एक शब्दही बदलू नका.