वजनं उचलण्याआधी वॉर्म-अप कसा करावा

दोन-चार वेळा हात गरगर फिरवायचे, मान डावी-उजवीकडे करायची आणि थेट नेहमीचं वजन लावलेल्या बारखाली (लोखंडी दांड्याखाली) जायचं, असा वॉर्म-अप तुम्हाला कुठल्याही जिममध्ये दिसेल. अर्धा तास ट्रेडमिलवर घाम गाळून थकलेल्या पायांनी स्क्वॉटला, म्हणजे पाठीवर बार घेऊन बैठका मारायला, येणारेही दिसतील. दोघांचा घोटाळा एकच. ज्या व्यायामासाठी ही खटपट, त्याचीच तयारी राहून जाते. वेळ कमी असेल तर वॉर्म-अपमधलं काहीही कापा, पण हलक्या वजनापासून चढत जाणारे सेट (सलग उचलण्याच्या फेऱ्या) कापू नका, असं माझं मत आहे. बाकीच्या पायऱ्या त्या सेटपर्यंत पोहोचण्यासाठी असतात.

आधी कारण समजून घेऊ. आपण निवांत बसलेलो असतो तेव्हा हातापायांचे स्नायू शरीराच्या आतल्या भागापेक्षा थोडे थंड असतात. हालचाल सुरू झाली की तिकडे रक्त जास्त जातं आणि तापमान चढतं. गरम स्नायू जास्त वेगाने आकुंचन पावतो, मज्जातंतूंमधून संदेश लवकर पोहोचतो आणि रक्तातला प्राणवायू स्नायूंना सहज मिळतो. शिवाय वजन उचलणं हे कसबही आहे. पाय किती रुंद ठेवायचे, बार पाठीवर नेमका कुठे टेकतो, श्वास कधी रोखायचा, हे सगळं शरीराला रोज नव्याने आठवावं लागतं. वॉर्म-अप केला म्हणजे दुखापत होणारच नाही, अशी हमी मात्र कोणी देत असेल तर मानू नका. दुसऱ्या दिवशीची अंगदुखीही त्याने फारशी कमी होत नाही.

पायरी 1: अंग गरम करा

पाच मिनिटं पुरतात. भराभर चाला, सायकल चालवा किंवा दोरीवरच्या उड्या मारा. छाती-खांद्यांचा दिवस असेल तर रोइंग (वल्हवण्याचं) मशीन बरं, त्यात हातही कामाला लागतात. कपाळावर हलका घाम आला आणि तरीही न अडखळता पूर्ण वाक्य बोलता येतंय, की थांबायचं. थंडीचे दिवस असतील तर आणखी तीन-चार मिनिटं द्या आणि अंगावरचा जाड टी-शर्ट इतक्यात काढू नका.

पायरी 2: आज लागणारे सांधे मोकळे करा

आज लागणारेच, सगळे नव्हेत. स्क्वॉट असेल तर घोटे आणि खुबे. भिंतीसमोर एक गुडघा टेकून बसा, पुढच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली ठेवा आणि त्याच पायाचा गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावा. दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा. मग भिंतीचा आधार घेऊन पाय पुढे-मागे झुलवा आणि वजनाशिवाय दहा सावकाश बैठका मारा. शेवटच्या दोन बैठकांत खाली क्षणभर थांबा.

बेंच प्रेसच्या (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलण्याच्या) दिवशी रबरी बँड छातीसमोर धरून दोन्ही बाजूंना ताणा आणि थोडे पुश-अप्स काढा. डेडलिफ्टच्या (जमिनीवरून बार उचलण्याच्या) दिवशी उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलण्याचा व्यायाम चांगला. त्याने नितंबांचे स्नायू जागे होतात.

एकाच स्थितीत ताणून धरण्याचं स्ट्रेचिंग इथे नको. एखादा स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरला तर लगेच नंतर त्याची ताकद थोडी कमी पडते. वीस-तीस सेकंदांनी फारसं बिघडत नाही, पण लांबलचक स्ट्रेचिंग व्यायाम संपल्यावर करा.

पायरी 3: चढते सेट

समजा, आज 80 किलोने पाच-पाच रेप्सचे (एका सेटमध्ये पाच वेळा) स्क्वॉट करायचे आहेत. नेहमीचा मोठा बार 20 किलोचा असतो. तर क्रम असा:

- रिकामा बार, 8 ते 10 रेप्स (अंग आखडलेलं असेल तर दोनदा)
- 40 किलो, 5 रेप्स
- 60 किलो, 3 रेप्स
- 70 किलो, 1 किंवा 2 रेप्स
- मग 80 किलोचा पहिला खरा सेट

वजन वाढतं तसे रेप्स कमी होतात, ते मुद्दाम. 70 किलोने पाच रेप्स काढलेत तर तो वॉर्म-अप उरत नाही, दमवणारा सेट होतो. सुरुवातीच्या सेटमध्ये वेगळी विश्रांती नको, प्लेट बदलायला लागतो तेवढा वेळ पुरे. 70 नंतर मात्र दोन-तीन मिनिटं थांबा.

रिकाम्या बारला हलकं समजून कसंही उचलू नका. 80 किलो असल्यासारखाच त्याच्याखाली शिरा, श्वास भरा, पोट घट्ट करा, मोजून दोन पावलं मागे या. 40 वर टाचा उचलल्या जातायत का ते बघा. 60 वर उठताना वेग येतोय का ते बघा. 70 किलो अनपेक्षित जड वाटले तर घाबरू नका, 75 ने एकच रेप करून बघा. तेही अंगावर आलं तर त्या दिवशी वजन कमी करा. झोप अपुरी झाली की असं होऊ शकतं.

डेडलिफ्टला एक अडचण येते. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून सुमारे 22 सेंटिमीटरवर राहतो. रिकामा बार जमिनीवरून उचलायला गेलात तर नको तितकं वाकावं लागतं. म्हणून तो ठोकळ्यांवर किंवा आडव्या ठेवलेल्या प्लेटांवर टेकवून त्याच उंचीवर आणा.

पुढचा व्यायाम त्याच स्नायूंचा असेल तर एखादा हलका सेट बास. स्क्वॉटनंतर बेंच असेल तर चढते सेट पुन्हा करावे लागतील, फक्त दोन-तीन. बायसेप कर्लसाठी (दंडाच्या व्यायामासाठी) वेगळं काहीच नको. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचं खरं वजनच रिकामा बार असेल तर वजनाशिवायच्या बैठका आणि हातात काठी घेऊन एक सेट, एवढं पुरतं.

सकाळी उठल्या उठल्या डेडलिफ्ट मात्र टाळा. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. तासभर हिंडू-फिरू द्या.

आखडलेपण आणि दुखणं यांत फरक करायला शिका. आखडलेपण प्रत्येक सेटगणिक कमी होतं. एकाच जागी टोचणारी, वजनाबरोबर वाढणारी कळ असेल तर तो व्यायाम तिथेच थांबवा. हृदयविकार, रक्तदाब किंवा जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

या सगळ्याला मिळून पंधरा मिनिटं लागतात. हाताशी सातच मिनिटं असतील तर पहिल्या दोन पायऱ्या सोडा, रिकाम्या बारने दहा-दहा रेप्सचे दोन सेट सावकाश काढा आणि तिथून वर चढा.