वाटीतलं मीठ आणि अंटार्क्टिकाचा समुद्र

मे महिन्यात आमच्या यावलला भरदुपारी अंगणात पाऊल ठेववत नाही. त्याच दिवसांत मी भाचरांना फ्रीजपुढे बसवून अंटार्क्टिका शिकवते. तुम्हालाही जमेल.

एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, तेवढंच हे होतं. पसरट स्टीलच्या पातेल्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवा. शेजारी वाटीभर साधं पाणीही ठेवा. ते आधी गोठेल, कारण समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठू लागतं.

दर तासाला डोकवा. तिसरा हिस्सा गोठला की लगेच काढा. पहिल्या वर्षी मी रात्रभर ठेवलं, तर सकाळी दगड! मीठ बर्फाच्या फटींतच अडकलेलं, सगळं सारखंच खारट.

आता वरचा बर्फ चाळणीत घेऊन गार पाण्याने झटकन विसळा आणि चाखायला द्या. जवळजवळ अळणी. मग खालचं पाणी चाखवा. पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात. ‘मावशी, वरून मीठ टाकलं का?’ नाही रे, बर्फ होताना पाण्यानं मीठ बाहेर ढकललं.

खरी गंमत पुढे आहे. वाटीभर उरलेलं पाणी बिटाच्या रसाने रंगवा आणि काचेच्या ग्लासातल्या साध्या पाण्यात कडेने हळूच सोडा. लाल धार सरळ तळाला जाऊन बसते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत हेच घडतं: तिथलं अतिथंड, खारट, जड पाणी बुडतं आणि समुद्राच्या तळाने उत्तरेकडे पसरत जातं. हे किती पाणी, ते कळायला एवढंच सांगते: तिथला समुद्री बर्फ फेब्रुवारीत सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर असतो, सप्टेंबरात १.८ कोटींच्या आसपास. म्हणजे दर हिवाळ्यात जवळपास पन्नास महाराष्ट्र नव्याने गोठतात. आणि तिथला हिवाळा म्हणजे आपला जून ते ऑगस्ट, हे पोरांना दोनदा सांगावं लागतं.

उत्तर ध्रुवाचं उलटं: तिथे जमिनीने वेढलेला समुद्र, इथे समुद्राने वेढलेली जमीन. तो नकाशा दाखवून उरकून टाका.

बिनरंगाचं खारं पाणी फेकू नका. कुणी उष्टा चमचा बुडवला नसेल तर त्यात कैरीच्या फोडी टाका.